खर्ज

आमच्या बैठकीच्या खोलीत एक तंबोरा भिंतीला टेकून उभा आहे. मिरजेचा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा घरातल्याच कुणाला पदवी मिळावी तसा मला आनंद झाला. पण त्या दिवशीही मी त्याची गवसणी काढली नाही. ती कित्येक महिन्यांत कुणीच काढली नव्हती. त्याचं कारण पुढं येईलच.

गेल्या उन्हाळ्यात परीक्षा आटोपल्यावर आमची धाकटी म्हणाली, "बाबा, मला बेस गिटार घ्यायचीय. नवी."

"बेस म्हणजे?"

"चारच तारा असतात, जाड. गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली. मागं वाजते. लोकांच्या फारशी लक्षात येत नाही."

मी मुख्याध्यापक माणूस. उभी हयात पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकांना बक्षिसं वाटण्यात गेलेली. जे लोकांच्या लक्षातच येत नाही, त्यासाठी वीस-बावीस हजार कशाला मोजायचे, हा प्रश्न अगदी ओठांवर आला होता. सौ.नं स्वयंपाकघरातून नुसतं माझ्याकडं पाहिलं आणि मी तो गिळला.

तिचा बँड तिघांचा. ड्रम वाजवणाऱ्याच्या घरी कानडी, गिटारवाल्याच्या घरी कोकणी, आमच्या घरी मराठी. सराव आमच्याच माडीवर चालतो. गाणं हिंदी असो की इंग्रजी, सुरुवात ठरलेली. ड्रमवाला काड्यांवर काड्या आपटत मोजतो, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु!" आणि तिघं एकदम सुटतात. आपल्या या भागात भाषेवरून काय काय झालं, ते वाचकांना मी सांगायला नको. या पोरांना मात्र एकच काळजी, पहिली मात्रा तिघांची एकत्र पडली पाहिजे. तोवर ती एका मित्राची बेस उसनी आणून वाजवत होती. त्याला बेंगळुरूला नोकरी लागली आणि वाद्य त्याच्याबरोबर गेलं.

आता त्या गवसणीचं सांगतो. ही मुलगी गाणारी होती. आठवीत असताना तालुक्याची स्पर्धा आली. दोन दिवस आधी तिचा घसा बसला. "नको गाऊ," असं सौ. म्हणाली. "मुख्याध्यापकाची मुलगी ऐनवेळी माघार घेते म्हणजे काय," असं मी म्हणालो. ती गायली. पहिला क्रमांक आला. मीही छाती फुगवून मिरवून घेतलं. त्यानंतर पुढच्या स्पर्धेसाठी रियाज चालूच ठेवला, तोही माझ्याच आग्रहानं. अखेर डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठी असल्याचं सांगितलं आणि काही महिने मौन. बोलण्याचा आवाज परत आला. तार सप्तकात चढणारा आला नाही. तिनं मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. एके दिवशी तिनं तंबोऱ्याला गवसणी घातली, एवढंच.

तर खरेदीसाठी आम्ही गोव्याला निघालो. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ल्याचा घाट. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद वर्षानुवर्षं सांभाळले. वाद्य घ्यायचं तर तिथंच घ्यावं, असा माझा आपला हिशेब. गाडीत लेकीनं मला इतिहास शिकवला. पूर्वी हे काम उभ्या, कपाटाएवढ्या डबल बेसकडं असे. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं १९५१ साली गळ्यात अडकवता येईल अशी, पडद्यांची विजेवरची बेस बाजारात आणली. पडद्यांमुळं सूर नेमका लागतो, म्हणून नावच 'प्रिसिजन'. १९६० साली त्यानंच अरुंद दांडीची 'जॅझ बेस' काढली. गंमत म्हणजे या गृहस्थाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

दुकानदार पिकल्या केसांचा. मी शिरल्या शिरल्या भिंतीवरच्या एका लालभडक, पाच तारांच्या बेसकडं बोट केलं. एक तार जास्त म्हणजे वाद्य जास्त चांगलं, हे माझं गणित. तो हसला आणि लेकीला म्हणाला, "बाय, पयलीं बसून वाजय, मागीर उबें रावून वाजय."

ती लाल बेस तिनं गळ्यात अडकवली. हात सोडताच दांडी जमिनीकडं झुकली. "कार्यक्रमभर डाव्या हातानं हिला सावरायचं की वाजवायचं?" ती म्हणाली. पाचवी तार आणखी खालच्या सुरांसाठी. त्यांच्या गाण्यांत तिचं कामच पडत नव्हतं, आणि तिच्यापायी दांडी रुंद झालेली. तिचे हात लहान. मग दुकानदारानं तीस इंची तारांची आखूड बेस काढली. ती हातात छान बसली, पण सर्वांत खालची तार तिला ढिली वाटली. शेवटी नेहमीच्या चौतीस इंचांची, पण अरुंद दांडीची, तपकिरी रंगाची एक साधी बेस तिनं मांडीवर घेतली.

तिनं डोळ्यासमोर दांडी धरून ती सरळ आहे का पाहिलं. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून कुठं खरखर येते का, कुठला सूर मध्येच मरतो का, ते ऐकलं. बॅटरीवर चालणारी बेस तिला नको होती. भर कार्यक्रमात बॅटरी संपली तर काय करायचं? आणि मग वायर जोडण्याआधीच तिनं त्या लाकडाला कान लावला, डोळे मिटले आणि सर्वांत जाड तार छेडली.

मी जागच्या जागी उभा राहिलो. पाच वर्षांची असताना ती तंबोऱ्याच्या भोपळ्याला अशीच कान लावून बसायची. "आत कुणीतरी बोलतंय," म्हणायची. त्या दुकानात मला कळलं, की लाल बेसकडं बोट दाखवणारा मी आणि बसलेल्या घशानं तिला व्यासपीठावर उभा करणारा मी, दोघं एकच. दोन्ही वेळा वाजवायचं, गायचं तिला होतं आणि निवड मी करत होतो.

"हीच," ती म्हणाली. मी पाकीट काढलं. वाचलेल्या पैशांत बेसचा लहान अँप आला. साध्या गिटारच्या अँपवर बेस जोरात वाजवली तर त्याचा पडदा फाटायची भीती असते, असं दुकानदारानं बजावलं होतं.

घरी आल्यावर सरावाच्या वेळी मी माडीच्या पायरीवर बसलो. खरं सांगतो, मला बेस ऐकू आली नाही. ड्रम ऐकू आला, गिटार ऐकू आली. तेवढ्यात तिला खोकला आला आणि तिचा हात थांबला. दोघं वाजवतच होते, एकही सूर चुकला नव्हता. पण गाण्याचा पायच निघून गेल्यासारखं झालं. तिनं हात टाकला आणि गाणं पुन्हा जमिनीवर आलं. तिची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला साधारण ४१ कंपनं करते. कानाआधी ती पायरीतूनच मला लागत होती.

त्या रात्री मी तंबोऱ्याची गवसणी काढली. तारा गंजल्या नव्हत्या, फक्त उतरल्या होत्या. खुंट्या पिळत पंचम लावला, जोडी लावली, खर्ज लावला. जवारीचा दोरा सरकवून पाहिला. तसं बरंच जमलंय असं वाटून मी छेडत बसलो.

माडीवरून आवाज आला, "बाबा, खर्ज उतरलाय."

"लागलाय की!"

ती खाली आली, माझ्याशेजारी बसली, मणी किंचित खाली ओढला आणि तार छेडली. मग भोपळ्याला कान लावला.

"आता ऐका," ती म्हणाली.