छोटे

घरात मला कोणी नावाने हाक मारत नसे. अम्मी, भाईजान, शेजारीपाजारी, सगळ्यांसाठी मी 'छोटे'. मला त्याचा राग येई.

मी चौथीत होतो तेव्हा अब्बा वारले. भाईजान दहावीत होते. त्यांनी शाळा सोडली आणि ते मालेगावच्या एका यंत्रमाग कारखान्यात कामाला लागले. माझी शाळा मात्र सुटली नाही.

आठवीत इंग्रजीच्या धड्यात 'प्यूनी' हा शब्द आला. अर्थ होता दुबळा, किरकोळ. मी हडकुळा! मुलांनी लगेच मला ते नाव चिकटवले. मी रडत घरी आलो. भाईजान रात्रपाळीला निघाले होते. ते हसून म्हणाले, "एवढ्याशा शब्दाला घाबरलास, छोटे?"

पुढे मी इंग्रजीचा शिक्षक झालो. एकदा मोठ्या शब्दकोशात तो शब्द मुद्दाम शोधला. तो जुन्या फ्रेंचमधून आलेला निघाला. मूळ अर्थ काय, तर 'नंतर जन्मलेला'! आपल्या 'अनुज' शब्दासारखाच. अनु म्हणजे मागून, ज म्हणजे जन्मलेला. धाकटा तो दुबळा, असे समजून लोकांनीच त्या शब्दाला खाली ओढले. याच शब्दाचे दुसरे रूप मात्र थेट न्यायालयात जाऊन बसले. उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीशांखेरीज जे न्यायाधीश असत, त्यांना 'प्यूनी जज' म्हणत. हे वर्गातल्या मुलांना तेव्हा कोण सांगणार?

मग मी 'कॅडेट' शब्द काढला. कॉलेजात मी एन. सी. सी.चा कॅडेट होतो. माझ्या गणवेशाला इस्त्री भाईजानच करत. हा शब्दही फ्रेंच, आणि त्याचाही अर्थ धाकटा मुलगा. फ्रान्सच्या नैऋत्येला गॅस्कनी नावाचा प्रांत होता. तिथल्या सरदार घराण्यांतले धाकटे मुलगे राजाच्या सैन्यात अधिकारी होत. त्यांच्यामुळे सैन्यात शिकणारा तरुण 'कॅडेट' झाला. हाच शब्द स्कॉटलंडात 'कॅडी' होऊन निरोप पोचवू लागला, आणि पुढे गोल्फच्या मैदानावर दुसऱ्यांच्या काठ्या वाहू लागला. धाकट्यांच्या नशिबी कामे फार!

त्या सरदारांकडे वाडा आणि जमीन बहुधा थोरल्याला मिळे. धाकट्याला घर सोडून नशीब काढावे लागे. मी शब्दकोश मिटला. आमच्या घरी तर उलटे झाले होते. थोरल्याने आपली शाळा सोडली, म्हणून धाकट्याला शाळा मिळाली.

त्या संध्याकाळी मी भाईजानांकडे गेलो. 'ब्रदर', फारसीतला 'बिरादर' आणि संस्कृतातला 'भ्रातृ' हे शब्दही एकाच घराण्यातले आहेत, हेसुद्धा त्यांना सांगायचे होते. मी भरभर बोलत होतो. इतकी वर्षे मागांच्या खडखडाटात काढल्याने त्यांना आता कमी ऐकू येते. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग कानामागे हात धरून म्हणाले, "काय म्हणालास, छोटे?"

मी त्यांच्या जवळ सरकलो आणि पहिल्यापासून, मोठ्याने सांगू लागलो.