साक्षीचा कागद

सुरत म्हटले की महाराष्ट्रीय वाचकाच्या मनात १६६४ सालची शिवछत्रपतींची स्वारी आणि धास्तावलेल्या वखारी उभ्या राहतात. परंतु याच शहरात, कतारगाम दरवाज्याच्या बाजूस असलेल्या जुन्या डच कबरस्तानात, वनस्पतिचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या आम्हा मंडळींचे एक तीर्थस्थान आहे, याची वार्ता खुद्द सुरतकरांनाही फारशी नसते. दुहेरी घुमट, वरखाली सज्जे आणि भरदार स्तंभ अशा थाटाची जी समाधी तेथे दिसते, ती हेंड्रिक व्हान ऱ्हेडे या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याची. कंपनीच्या वखारींतील गैरकारभाराची चौकशी करण्याचा अखत्यार घेऊन फिरणारा हा गृहस्थ सुरतेच्या वाटेवर असताना, मुंबईनजीकच्या समुद्रात, १५ डिसेंबर १६९१ रोजी जहाजावरच निवर्तला आणि त्याचा देह सुरतेस आणून दफन करण्यात आला.

हिशेबाची दप्तरे तपासणाऱ्या या माणसाचे नाव टिकले ते मात्र झाडांमुळे. मलबारात अंमल चालवीत असताना त्याने ‘होर्टुस मलाबारिकुस’ या ग्रंथाचा संकल्प सोडला; १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे त्याचे बारा खंड छापून निघाले आणि सातशेहून अधिक वनस्पतींचे वर्णन त्यांत सचित्र आले. औषधी ज्ञान पुरविणारे इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य होते. त्यांच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीनचे तीन कोंकणी ब्राह्मण होते, आणि त्यांनी १६७५ साली नागरी लिपीत लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात छापलेला आहे. चित्रांवरही वनस्पतींची नावे रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत कोरलेली आढळतात.

या ग्रंथाच्या घडणीतील एक गोष्ट मला चित्रकार म्हणून विशेष विचारार्ह वाटते. वैद्यांनी मल्याळीत सांगितलेला मजकूर पोर्तुगीज भाषेत उतरला, पोर्तुगीजमधून डच भाषेत गेला आणि डचमधून लॅटिनमध्ये स्थिरावला. एवढ्या दुभाष्यांच्या हातून जाताना मूळ जबानीतील किती बारकावे गळाले असतील, याची कल्पना कोणासही करता येईल. चित्राला ॲम्स्टरडॅमच्या तांब्याच्या पत्र्यावरील कोरीवकामाचा संस्कार घडला हे खरे, पण दुभाषी त्याच्या वाट्यास आला नाही. पुढे १७५३ साली लिनियसने वनस्पतींच्या नामकरणाचा पाया घातला, तेव्हा हिंदुस्थानात कधीही पाऊल न टाकलेल्या त्या शास्त्रज्ञाने या चित्रांचा आधार घेतला. आणि वाळवलेला नमुना उपलब्ध नसलेल्या कित्येक जातींच्या बाबतीत आजही ऱ्हेडेच्या ग्रंथातील चित्र हेच नावाचे अधिकृत प्रमाण मानले जाते. ज्या कागदावर असा भार येऊ शकतो, तो रंगविणाऱ्याची जबाबदारी साक्षीदाराची असते, असे मी मानतो.

ही साक्ष देताना काय पाहावे लागते, ते कळलावीच्या उदाहरणावरून सांगतो. ऱ्हेडेच्या सातव्या खंडात ‘मेंदोनी’ या नावाने आलेली ही वेल पावसाळ्यात डांगच्या वाटेवरील कुंपणांतून फुलते. तिच्या पानाचे टोक लांबत जाऊन त्याचाच ताणा होतो आणि तो जवळच्या काटकीला वेढा घालतो. फूल खाली तोंड करून उमलते, पण नागमोडी कडांच्या सहा पाकळ्या मागे वळून ज्वाळांसारख्या वर उभ्या राहतात. आणि किंजपुटातून निघालेला किंजल एकदम काटकोनात वळून बाजूला जातो. हे शेवटचे वळण उतावळ्या नजरेस दिसतच नाही, कारण फुलाचा मध्य सरळच असणार असे मनाने आधीच गृहीत धरलेले असते. रंगाचा प्रकार याहून कठीण. कळी हिरवट, उमललेले फूल बुडाशी पिवळे व टोकाशी तांबडे आणि जुने झालेले फूल सर्वांगी गर्द तांबडे, अशा तिन्ही अवस्था एकाच वेलीवर एकाच वेळी नांदत असतात. छायाचित्र त्यांतील एक क्षण उचलते, तर चित्रकाराला कळीपासून बोंडापर्यंतचा सारा वृत्तांत एका कागदावर मांडावयाचा असतो. त्यातून सुरतेच्या दमट हवेत कागद सादळतो, रंग लवकर वाळत नाही आणि पाण्यात ठेवलेली फांदी तोवर मान टाकते. म्हणून आधी फुलाच्या रंगांचे पट्टे मिळवून बाजूला टिपून ठेवावे, मग डिव्हायडरने मापे घेऊन रेखाटन करावे आणि सावकाश टिकणारी पाने शेवटी रंगवावीत, हा आमचा क्रम. कळलावीचा विषारी कंद चित्रात घ्यावयाचा तर रानातील वेल उपटू नये, कुंडीतील घ्यावी आणि हात स्वच्छ धुवावेत.

शिकावयास येणारी मुले नेहमी विचारतात, की अळीने कुरतडलेले पान काढावे की नाही. माझे उत्तर असे, की वगळण्याची मुभा चित्रकाराला आहे, भर घालण्याची नाही. अळीचे भोक हा त्या एका पानावरचा प्रसंग आहे, जातीचे लक्षण नव्हे. तेव्हा ते खुशाल सोडावे. परंतु पाचच केसर दिसत असता पुस्तकात सहा लिहिले आहेत म्हणून सहावा काढणे, किंवा रचना शोभावी म्हणून बोंड मोठे करणे, हा खोटा दस्तऐवज होय. अशा वेळी दुसरे फूल शोधून सहावा केसर प्रत्यक्ष पाहावा, मगच कुंचला उचलावा.

पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५० या काळात अशीच उत्तम चित्रे तयार झाली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत, पण काढणाऱ्याचे नाव मात्र इतिहासाला गवसलेले नाही. म्हणून मी प्रत्येक कागदाच्या तळाशी झाड मिळाल्याचे ठिकाण, तारीख, माप आणि आपली सही घालावयास लावतो. मुलांना हा कारकुनी जाच वाटतो. परंतु तापीकाठची कुंपणे सिमेंटच्या भिंतींना जागा देत असताना, अमुक वर्षी अमुक जागी कळलावी होती हे सांगणारा पुरावा पुढच्यांना लागेल तेव्हा उपयोगी पडेल तो हाच कारकुनी मजकूर. तो नसेल, तर चित्र कितीही सुरेख असले तरी ते दिवाणखान्याच्या भिंतीपलीकडे कोणाच्या कामाचे नाही.