साठीनंतरची पोथी

महाविद्यालयातला प्राध्यापक साठीला निवृत्त होतो. पेन्शन, ग्रॅच्युइटी, मुलांची लग्नं, हा हिशेब सगळेच करतात. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यांनी तो आणखी लवकर करावा. पण सकाळचे अकरा वाजलेत आणि आपल्याला तास नाही, तेव्हा काय करायचं, हे फारसं कोणी ठरवत नाही. मी ते पन्नाशीतच ठरवलं: महानुभाव पंथाच्या जुन्या हस्तलिखित पोथ्या वाचायच्या.

यवतमाळात ही वाट जुनी आहे. य. खु. देशपांडे वकिली करता करता या पोथ्यांच्या मागे लागले. त्यांचं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ साली निघालं. इथल्या शारदाश्रम या संशोधनसंस्थेशी त्यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे. वि. भि. कोलते १९७२ साली नागपूर विद्यापीठाच्या कुलगुरुपदावरून मोकळे झाले आणि त्यांनी संपादलेलं महानुभावांचं ‘लीळाचरित्र’ १९७८ साली, सत्तरीत, प्रसिद्ध झालं. पण त्यामागची तपश्चर्या नोकरीतल्या सगळ्या वर्षांची होती. निरोपसमारंभ आटोपल्यावर काम शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती सहसा काही लागत नाही, हे माझं ठाम मत आहे.

पोथी घाईत वाचता येत नाही. शब्द सुटे नसतात, ओळ एकसलग चालते. ‘ख’ च्या जागी बहुधा ‘ष’ असतो, कारण जुन्या वळणाचा ‘ख’ ‘रव’सारखा दिसतो. महानुभावांच्या सांकेतिक सकळ लिपीत तर अक्षरांचीच अदलाबदल. तिथे आधी तक्ता करून हात बसवावा लागतो. मी पानाची नक्कल आधी जशीच्या तशी उतरवतो, शब्द नंतर तोडतो. आधी तोडले की आपल्याला हवा तो अर्थ पानात शिरतो. नोकरीत असताना सुट्ट्यांत एवढी उजळणी झाली, म्हणून पुढे सगळा दिवस त्यात घालवता आला.

वर्षाची आखणीही ऋतूंवर केली. पोथ्यांचे बस्ते हिवाळ्यात सोडायचे. पावसाळ्यात दमट हवेत कागदाला हात लावायचा नाही, तेव्हा नकला ताडून पाहायच्या. उन्हाळ्यात पहाटेचंच काम. मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही मी लांबणीवर टाकली नाही.

दारव्ह्याकडच्या एका घरी आजींनी पोथी दाखवली, पण आधीच बजावलं, ‘‘गुरुजी, पोथी घराभाईर जात नाही. पाह्याची असन तं इथंच बसून पाहा.’’ मी दंडवत केला आणि तिथेच बसलो. त्यांची कॉलेजात जाणारी नात शेजारी येऊन बसली. आता ती माझ्याआधी ओळ लावते. निवृत्तीनंतर मला मिळालेला हा सर्वांत चांगला वर्ग.

आता महानुभावांच्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. तिथल्या मुलांना पोथी वाचता येणारी माणसं लागतील. पुढच्या चार-पाच वर्षांत साठीला पोहोचणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकांनो, येत्या दिवाळीच्या सुट्टीतच एक पोथी हाती घ्या.