उडायचे की वैमानिक व्हायचे?

गेल्या दिवाळीत वहीपूजन आटोपल्यावर धाकट्या भावाचा मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. हातात उड्डाण प्रशिक्षण संस्थेचे खर्चाचे पत्रक होते. "काका, मला वैमानिक व्हायचे आहे. बाबांना तुम्ही सांगा." भावाचे कापडाचे दुकान आमच्या वडिलांनी उभे केलेले, त्या गादीला हा एकुलता एक वारस. लाखांतला आकडा पाहून भाऊ एवढेच म्हणाला, "दादा, तुमचे आयुष्य बँकेत गेले. हिशेब तुम्हीच करा."

कर्जप्रस्ताव तपासताना रकमेच्या आधी प्रयोजन पाहावे, ही आमची शिकवण. म्हणून मी पुतण्याला विचारले, "तुला उडायचे आहे, की वैमानिक व्हायचे आहे?" त्याला दोन्ही गोष्टी एकच वाटत होत्या. त्याच्या वयात मलाही तसेच वाटत असे.

1982 साली मी मुंबईत पार्ल्याच्या शाखेत नवा होतो. 1932 मध्ये कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरलेले जे. आर. डी. टाटा पन्नास वर्षांनी, वयाच्या 78व्या वर्षी, छोट्या विमानातून तोच प्रवास पुन्हा करणार होते. 15 ऑक्टोबर, शुक्रवार. मला काउंटर सोडता आला नाही. रविवारी मात्र जुहूच्या धावपट्टीच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिलो आणि पुढे कित्येक रविवार तेथेच गेले. शिकण्याची फी माझ्या पगारात बसणारी नव्हती. ती इच्छा मी घरात कोणालाही बोलून दाखवली नाही.

पुतण्यासमोर मी कागदावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे खासगी परवाना: वयाची सतरा वर्षे पूर्ण आणि किमान 40 तासांचे उड्डाण. त्यावर मित्राला, आईवडिलांना आकाशात नेता येते. मोबदला मात्र घेता येत नाही. उजवीकडे व्यावसायिक परवाना: वयाची अठरा वर्षे पूर्ण, किमान 200 तास, हवामानशास्त्रापासून विमानवाहतुकीच्या नियमांपर्यंत लेखी परीक्षा आणि अधिक कडक वैद्यकीय तपासणी. एवढे करूनही मोठ्या प्रवासी विमानाचे प्रशिक्षण वेगळे, त्याचा खर्च वेगळा आणि नोकरीची हमी नाहीच. ज्याची मिळकत वैद्यकीय तपासणीच्या निकालावर टांगलेली असते, त्याने धंद्यातली जोखीम धरूनच पाऊल टाकावे.

पण खरा भेद खर्चाचा नाही. शौक म्हणून उडणारा ढग दाटलेले पाहून खुशाल घरी परततो. पेशातल्या माणसाला पहाटे तीनला उठून, दुसऱ्याने ठरवलेल्या वेळी, दुसऱ्याने ठरवलेल्या गावी जावे लागते. शौकात माणूस आपल्याला हवे तेवढेच दिवस निवडतो. पेशात सगळेच दिवस पत्करावे लागतात. यात एक थोर नि दुसरे हलके असे काही नाही.

1930 साली इंग्लंड-हिंदुस्थान एकट्याने उडण्याच्या आगाखान पारितोषिकासाठी जे. आर. डी. कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा तरुण इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले आणि पारितोषिक अस्पींनी जिंकले. पुढे अस्पींनी उड्डाणालाच आयुष्य वाहिले आणि ते भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. जे. आर. डीं.नी उद्योग सांभाळला, पण उडणे सोडले नाही. आकाश दोघांनाही मिळाले, वाटा निराळ्या.

मी पुतण्याला दोन अटी घातल्या. फी भरण्यापूर्वी व्यावसायिक परवान्यासाठी लागणारी वैद्यकीय तपासणी करून घ्यायची. आणि चार महिने दुकानात बसून हवामानशास्त्राचा अभ्यास करायचा. त्यातही गोडी टिकली, तर पुढचे बोलू.

तपासणीत तो उत्तीर्ण झाला. चार महिन्यांनी आला तेव्हा वहीचे कोपरे मळलेले होते. म्हणाला, "काका, डाव्या बाजूचा परवाना काढून दुकान सांभाळता येईल, हेही मनात आणून पाहिले. पण मला नुसते रविवार नकोत. कंटाळवाणे दिवसही तिथलेच हवेत."

या उत्तरावर मी माझी एक मुदत ठेव त्याच्या कर्जाला तारण दिली. पत्नीने विचारले, "बुडाली तर?" तसे होऊ शकते, हे मी लपवले नाही. भावाने कर्जाच्या कागदांवर सही केली, पण त्या दिवशी तो जेवला नाही. दुकान पुढे कोण चालवणार, या प्रश्नाला माझ्या हिशेबात उत्तर नव्हते, हे मला मान्य आहे.

पुतण्याचे आजवर अकरा तास झाले आहेत. व्याज चालू आहे. एकशे एकोणनव्वद तास बाकी.