उबेचा उतार

काचपेटीच्या उजव्या टोकाला ३० अंश सेल्सिअस, डाव्या टोकाला २४. मधे जेमतेम तीन-चार वितींचं अंतर. आमच्या बुक्काचं सगळं जग या सहा अंशांच्या उतारावर वसलेलं आहे. खाल्लेलं पचवायचं असलं की तो उजवीकडे, हीट मॅटवर ठेवलेल्या सालीखाली जाऊन पडतो. पोट हलकं झालं की सरकत सरकत डावीकडच्या गारव्यात येतो. सापाच्या रक्ताला स्वतःची ऊब नसते, ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. ती तो हवी तेव्हा आणि हवी तेवढीच घेतो. माझं काम एवढंच की हा उतार ढळू द्यायचा नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर जागेवर आहे ना, दोन्हीकडचे थर्मामीटर ठीक आहेत ना, हे रोज बघायचं. थर्मोस्टॅटवाचून मॅट तापत राहते आणि पोटाला चटका बसला तरी साप कित्येकदा तिथून हलत नाही. म्हणून तो घरी यायच्या कितीतरी आधीपासून आम्ही रिकामी पेटी तापवून, निववून पाहत होतो. रिकाम्या पेटीसमोर बसून आकडे बघणाऱ्या माझ्या लेकीकडे पाहताना मला वाटलं, ही मुलगी आत्ताच त्याची झाली आहे.

बुक्का म्हणजे कॅलिफोर्निया किंगस्नेक. आला तेव्हा फूटभर लांब आणि करंगळीहून बारीक होता. काळसर तपकिरी अंगावर सायीच्या रंगाचे पट्टे, आणि खवल्यांना अशी चकाकी की आताच तेलाचा हात फिरवलाय. माझे वडील पंढरीची वारी करत. त्यांच्या कपाळावरचा बुक्का लेकीच्या आठवणीत होता, तिथून हे नाव आलं.

आम्ही राहतो त्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मागे मिशन पीकच्या टेकड्या आहेत, आणि तिथे, ओकच्या झाडांखाली, वाळल्या गवतात हा साप मूळचाच. टेकडीच्या वाटेवर रॅटलस्नेकपासून सावध राहा अशा पाट्या असतात. त्या रॅटलस्नेकलाही किंगस्नेक खातो. त्याचं विष याला सहसा बाधत नाही. डेव्हिड पेनिंग आणि ब्रॅड मून या संशोधकांनी २०१७ मध्ये किंगस्नेकच्या विळख्याचा दाब मोजला होता. तेवढ्याच आकाराच्या रॅटस्नेकपेक्षा तो जास्त भरला, पण दोन्ही सापांच्या अंगातलं स्नायूंचं प्रमाण सारखंच. फरक पडला तो विळखा घालायच्या पद्धतीनं. किंगस्नेक स्प्रिंगसारखे एकावर एक नीट वेढे घेतो. हे वाचल्यापासून मला बुक्काचं ते एवढंसं अंग निराळं दिसू लागलं.

टेकडीवरचा साप मात्र टेकडीवरच राहावा, यावर आमच्या घरात दुमत नव्हतं. बुक्का पैदास करणाऱ्याकडच्या अंड्यातून आलेला आहे. किंगस्नेकची मादी उन्हाळ्यात अंडी घालते आणि निघून जाते, मागे वळून बघत नाही. साधारण दोन महिन्यांनी पिल्लं अंडी फोडून बाहेर येतात, आठवड्या-दीड आठवड्यात पहिली कात टाकतात, आणि मगच खाण्याकडे वळतात. कुणी शिकवत नाही, कुणी भरवत नाही. माझी मुलगी जन्मली तेव्हा तिची मान धरायलाही दोन हात लागत होते. हा जीव पहिल्या दिवसापासून पुरा आहे.

व्हिडिओ कॉलवर पुण्याहून आईनं त्याला पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. ‘अगं, ही मण्यार आहे! तुम्ही घरात मण्यार आणलीत?’ तिचं चुकलं नव्हतं. काळ्या अंगावर पांढरे पट्टे म्हटलं की कोकणात वाढलेल्या माणसाला मण्यारच आठवते. रात्री जमिनीवर झोपलेल्याला ती चावते, दुखतही नाही फारसं, आणि सकाळी माणूस उठत नाही, असं तिच्या गावात घडलेलं आहे. ती भीती अनुभवातून आलेली होती आणि मला ती खोडायची नव्हती. मी तिला सांगितलं की हा बिनविषारी आहे, आपल्याकडच्या कवड्यासारखा. कवड्यालाही अंगावरच्या पट्ट्यांपायी मण्यार समजून मारतात. मग तिलाच आठवलं, लहानपणी ती मला कात्रजच्या सर्पोद्यानात घेऊन गेली होती. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकारानं १९८६ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या उद्यानात मी धामण पहिल्यांदा जवळून पाहिली. त्या धामणीच्या डोळ्यांत मला राग दिसला नाही, याचं तेव्हा केवढं आश्चर्य वाटलं होतं. तिथल्या साऱ्या सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं छत्र आहे. आपल्याकडचा साप पकडणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच असायला हवा असं मला मनापासून वाटतं. पुण्यात असते तर लेकीचा हा हट्ट मी पुरवला नसता.

आपल्याकडे माया बरीचशी हातातून वाहते. पानात न विचारता पोळी पडते, पाहुण्यानं नको म्हटलं की आग्रहाला जोर चढतो, रडणाऱ्याला आधी उचलतात आणि मग कारण विचारतात. मीही तशीच वाढले, तशीच आई झाले. बुक्कापाशी हे काही उपयोगाचं नव्हतं. नवीन पिल्लाला घरी आणल्यावर आठवडाभर हातही लावायचा नसतो. पेटीत दोन्ही टोकांना अंग घासेल इतकी अरुंद दडायची जागा हवी, कारण एकच दडण असलं तर लपणं आणि ऊब यांतलं एक त्याला सोडावं लागतं, आणि भेदरलेलं पिल्लू ऊब सोडतं. खाली अ‍ॅस्पेनचा भुसा, त्यात बोगदे करता येतील इतका जाड. देवदाराचा चालत नाही, त्याच्या तेलाचा सापांना त्रास होतो. पाण्याचं वाडगं जड, लवंडणार नाही असं. एवढं केलं की मागे सरायचं. कित्येक दिवस आम्हाला दिसत होता तो फक्त भुशाचा हलका उंचवटा. लेक शाळेतून आली की त्या उंचवट्याकडे बघून विचारायची, ‘आज इकडे होता की तिकडे?’ आणि मी तिला सांगायचे. न दिसणाऱ्या जिवाची एवढी खबर मी आयुष्यात कधी ठेवली नव्हती.

त्याच्या खाण्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण या सगळ्यात मला जड गेलं ते तेच. त्याला केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू लागतं, इथे त्याला पिंकी म्हणतात. ती गोठवलेली मिळतात. आम्ही ती गॅरेजमधल्या वेगळ्या छोट्या फ्रीजरमध्ये ठेवतो. एक काढून पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवायचं. ते मऊ आणि उबदार झालं की लांब चिमट्यानं पेटीत धरायचं. जिवंत उंदीर द्यायचा नाही, भेदरलेला उंदीर सापालाच चावून जखमी करतो आणि उंदराचाही जीव भयात जातो. हे सगळं बरोबर आहे. तरी पहिल्यांदा तो गुलाबी, मिटल्या डोळ्यांचा जीव तळहाताएवढ्या पिशवीत पाहिला तेव्हा माझ्या आत काहीतरी हललं. त्यालाही आई होती, आणि उंदराची आई पिल्लांना सहसा सोडून जात नाही. बुक्काला जगवायचं मी ठरवलं तेव्हाच दर पाच-सात दिवसांनी एक पिल्लू मरणार, हेही मी ठरवलं. यातून पळवाट नाही आणि मला ती शोधायचीही नाही. निदान वाया जाऊ द्यायचं नाही, म्हणून खायला घालायच्या दिवशी मी दुसरं काही काम काढत नाही. पिल्लू त्याच्या अंगाच्या सर्वांत रुंद भागाहून फार जाड नसावं, हे निवडताना पुन्हा पुन्हा बघते.

आणि तो खातो तेव्हा! जीभ लपलपते, हवेतला वास टिपून टाळूतल्या इंद्रियाकडे नेते, मान किंचित मागे जाते, आणि पुढचं डोळ्यांना नीट दिसतही नाही. मेलेल्या पिल्लालाही तो वेढे घालून आवळतो. मग वेढे सैल करून डोक्याची बाजू हुडकतो आणि जबडा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पुढे सरकवत राहतो. कधी तोंड फिरवलं तर पिल्लू उचलून घ्यायचं, आणि पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. खाल्ल्यानंतर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, नाहीतर ओकून टाकतो, आणि लहान पिल्लाला ते फार महागात पडतं.

कात टाकायच्या आधी त्याचे डोळे निळसर होतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, आणि जुन्या-नव्या कातडीमध्ये द्रव साचला की तोही धुकटतो. त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही, तो बिथरलेला असतो, शेपटी भुशात थरथरवून आवाज करतो. रॅटलस्नेकच्या शेपटीत खुळखुळा असतो, याच्याकडे नुसता भुसा, पण ऐकणाऱ्याला दचकवायला तो पुरतो. आम्ही ओलं शेवाळ भरलेला, भोक पाडलेला डबा ठेवतो आणि मागे सरतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि नंतर एका सकाळी कात पडलेली असते, नाकापासून शेपटीपर्यंत सलग, आतली बाजू बाहेर आलेली. लेक ती उजेडात धरून डोळ्यांचे दोन गोल खवले निघालेत ना ते बघते. ते अडकून राहिले तर नजरेला धोका असतो. खवला न् खवला त्या कातीवर उमटलेला असतो, पण पट्टे दिसले तर फिकटच. रंग तो स्वतःपाशीच ठेवतो.

आता तो हातावर येतो. त्याआधी हात धुवायचे, उंदराचा वास राहिला तर तो बोटालाच भक्ष्य समजतो. नंतरही धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. सुरुवातीला तो घाबरून घाणेरडा वास सोडायचा. आता लेकीच्या बोटांमधून वाट काढत मनगटावर थांबतो. त्याचं तिच्यावर प्रेम आहे का, असं तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, तो तुला ओळखत असेल-नसेल, पण तुझ्या हाताची त्याला भीती वाटत नाही. तिला ते पुरलं. मलाही ते थोडं वाटत नाही. ज्याला कुणाची गरज नाही अशा जिवानं भीती सोडावी, हे मिळवावं लागतं.

पेटीच्या झाकणाला दोन कड्या आहेत. निजण्याआधी त्या बघितल्यावाचून मी दिवा घालवत नाही. अटलांटिकमधल्या ग्रान कनारिया बेटावर हाच कॅलिफोर्निया किंगस्नेक मोकळ्यात सापडला तो १९९८ मध्ये. पाळलेले साप निसटले किंवा सोडले गेले, त्यांची ही संतती. त्या बेटावरच्या मोठ्या सरड्यांनी असा साप कधी पाहिलाच नव्हता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, साप पसरलेल्या भागांत ते सरडे नव्वद टक्क्यांहून जास्त घटले आहेत. सापाचा त्यात दोष नाही. तो भूक लागली की खातो. कडी लावणं माणसाच्या हातात होतं.

किंगस्नेक वीस वर्षं जगू शकतो, कधी त्याहूनही जास्त. लेक आज अकरा वर्षांची आहे. ती कॉलेजला जाईल, दुसऱ्या गावी जाईल, आणि बुक्का बहुधा माझ्याकडे असेल, तीन-चार फुटांचा झालेला. त्याला आणायच्या आधीच हे बोलून ठेवलं होतं. मला त्याचं ओझं वाटत नाही.

यंदा उन्हाळ्यात आई इकडे आली. आम्हाला चार दिवस योसेमिटीला जायचं होतं, ती घरीच राहणार होती. पेटीपासून अंतर राखून तिनं विचारलं, ‘त्याला खायला काय घालू?’

‘काही नको. कालच खाल्लंय त्यानं. पाणी तेवढं बदल.’

‘चार दिवस नुसत्या पाण्यावर?’

‘त्याला आठवडाभर लागत नाही, आई.’

तिला ते पटायला वेळ लागला. मग ती एक पाऊल पुढे आली, वाकून काचेतून बघितलं आणि म्हणाली, ‘आणि डोळे निळे झाले तर?’

‘तर डब्यातलं शेवाळ ओलं आहे का बघायचं. बाकी काही नाही.’

‘थांब,’ ती म्हणाली, ‘लिहून घेते.’