बासरी आणि गावाचा कान

लाकडी बासरीइतके हट्टी वाद्य मला दुसरे माहीत नाही. तंबोऱ्याची खुंटी पिळली की तो बिचारा निमूटपणे सूर बदलतो. बासरीचा सूर मात्र तिच्या लांबीतच ठरलेला. म्हणून तर आपले बासरीवादक मैफलीला अनेक बासऱ्या घेऊन येतात.

अठराव्या शतकातल्या युरोपात तर गावोगावचा सूर निराळा! एका गावी जुळलेली बासरी दुसऱ्या गावी बेसूर ठरे. मग कारागिरांनी युक्ती काढली. बासरी जोडतुकड्यांची करायची आणि मधला तुकडा निरनिराळ्या लांबीचा ठेवायचा. गाव बदलले की तुकडा बदलायचा. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचे बासरीगुरू क्वान्ट्झ यांनी १७५२ सालच्या आपल्या ग्रंथात या गोंधळाबद्दल कुरकुर केली आहे.

पुढे फ्रान्स सरकारने १८५९ साली सेकंदाला ४३५ कंपने हे माप ठरवले, तर १९३९ साली लंडनच्या परिषदेत ४४० ठरले. सोय झाली, यात शंका नाही. पण मधल्या काळात सूर चढत गेला, आणि त्याच्याशी जुळावे म्हणून कित्येक जुनी लाकडी वाद्ये कापून आखूड करण्यात आली. लाकूड कापता येते. वाढवता येत नाही. जुने संगीत वाजवणारे आज बहुधा ४१५ धरतात, पण तीही तडजोडच.

न कापलेली एखादी बासरी फुंकली, की त्या गावाचा कान आजही कळतो. कापलेलीत तो सापडत नाही. एकसूर व्हावे जरूर. पण त्यासाठी करवत कशाला, असे मला आपले वाटते.