दोन दिवसांत स्वीकारलेला पेपर

आमच्या आपाची मुलगी पीएच.डी. करते आहे. विषय दखनी बोलीतले मराठी शब्द. नानी घरात जे बोलायची त्याचा विद्यापीठात अभ्यास होतो, याचंच आपाला केवढं कौतुक! गेल्या वर्षी पोरीचा फोन आला, "खाला, माझा पेपर दोन दिवसांत स्वीकारला. फक्त तीन हजार भरायचे आहेत."

मी ते पत्र मागवून वाचलं. पोरीला 'आदरणीय प्राध्यापक' म्हटलेलं. नियतकालिक आंतरराष्ट्रीय, आणि एकाच अंकात सिव्हिल इंजिनिअरिंग, कुक्कुटपालन आणि गझल! मी एवढंच विचारलं, "दखनी जाणणाऱ्या कुणी हे वाचलं का? काय सुधारायला सांगितलं?" काहीच नाही. मी निबंधाच्या वह्यासुद्धा इतक्या घाईत तपासत नाही.

"पण आयएसएसएन नंबर आहे ना," ती म्हणाली. तो नंबर म्हणजे गाडीची नंबर प्लेट. चालवणारा कसा आहे, ते त्यावरून कळत नाही.

हा बाजार जुना आहे. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम चुका पेरलेला बनावट शोधनिबंध ३०४ नियतकालिकांना पाठवला, तर निम्म्याहून अधिकांनी तो स्वीकारला. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. पुढे 'केअर' यादी आली, तीही २०२५ मध्ये बंद झाली. आता पारख ज्याची त्यानेच करायची.

पैसे घेणारं प्रत्येक नियतकालिक खोटं नसतं. काही चांगलीही शुल्क घेतात, आणि अडचण असेल तर बरीच माफही करतात. पण जुने अंक उघडून वाचावेत, संपादक मंडळातल्या एखाद्याला थेट विचारावं, की बाबा, तुमचं नाव इथे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का?

तिचे गाईड म्हणाले होते, "टाकून दे, मोकळी हो." मला ते पटलं नाही. पीएच.डी.साठी पेपर छापलाच पाहिजे, ही देशपातळीवरची अट २०२२ च्या नियमांत राहिली नाही. काही विद्यापीठं ठेवतात, ते विचारून घ्यावं. घाई कसली? एकदा छापलेला लेख दुसरं चांगलं नियतकालिक घेत नाही. म्हाताऱ्या बायकांच्या पायाशी बसून तीन वर्षं गोळा केलेले शब्द तिथे कायमचे अडकले असते. आपाच्या शिलाईचे तीन हजार गेले असते ते वेगळेच.

तिने पैसे भरले नाहीत. लेख दुसरीकडे पाठवला. चार महिन्यांनी दोन पानं शेरे आले: 'नक्को' आणि शब्दाला चिकटणारा 'च' सगळ्यांना ठाऊक आहेत, बाकीचे शब्द मराठीतूनच आले कशावरून? पोर रात्रभर रडली. आपा माझ्यावर चिडली, "तिथे तर दोन दिवसांत झालं असतं!"

सध्या पोर रेकॉर्डर घेऊन नानीच्या धाकट्या बहिणीकडे गेली आहे. शेऱ्यांतल्या अकरा शब्दांपैकी सात झालेत.